ज्याचं तोंड, त्याचाच आवाज

मंडळी, परवा नातवाने लॅपटॉपवर एक मराठी चित्रपट लावला. त्याचं थोडं चित्रीकरण काही वर्षांपूर्वी आमच्या मालवण किनाऱ्यावर झालं होतं. घरच्यांना आठवत असेल, आमची काकी त्यात अर्धं मिनिट दिसते. मासे निवडता निवडता "खंय चललस रे झिला?" एवढंच विचारते. पण ऐकू येतो तो आवाज काकीचा नाही! शब्द मालवणी, हेल मात्र शहरी. काकी जाऊन आता सहा वर्षं झाली. तिचा चेहरा चित्रपटात राहिला, आवाज नाही.

चित्रपटवाल्यांची अडचण मला समजते. समुद्राची गाज एका शॉटमध्ये मोठी, दुसऱ्यात लहान. तुकडे जोडले की फरक कानाला खटकतो. शिवाय वारा, कावळे, होड्यांची इंजिनं. त्यापेक्षा स्टुडिओत बसून संवाद भरणं सोयीचं.

पण आपले सुरुवातीचे बोलपट जागेवरच ध्वनिमुद्रण करून झाले. १९३१ सालच्या 'आलम आरा'च्या स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून त्या थांबल्यावर रात्री काम चाले. पुढे बाहेरच्या चित्रीकरणासाठी घरघरणारे कॅमेरे आले आणि डबिंगची सवयच लागली. २००१ च्या 'लगान'ने कच्छच्या उघड्या माळावर, एवढ्या गर्दीतही, संवाद जागेवर घेऊन दाखवले. त्याच्या ध्वनीला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. म्हणजे कठीण असलं तरी अशक्य नाही.

मी आयुष्यभर मराठी शिकवली. मुलांना प्रमाणभाषा लिहायला लावली, पण बोलीचा हेल वहीत उतरत नाही, तो ऐकावाच लागतो. मच्छिंद्र कांबळींच्या 'वस्त्रहरण'ला लोक हसले ते नुसत्या शब्दांना नव्हे, त्या हेलालाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. नट मुरलेला असेल तर डबिंग खुशाल करा. तो स्वतःचा आवाज पुन्हा देऊ शकतो. पण गावच्या माणसाला उभं कराल तेव्हा माईकही तिथेच लावा. नाहीच जमलं, तर चित्रीकरण संपल्यावर त्याला एखाद्या बंद खोलीत बसवून तीच वाक्यं त्याच्याच तोंडून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि आपणही घरातल्या म्हाताऱ्यांचे नुसते फोटो काढू नका. मोबाईल समोर ठेवून त्यांना बोलू द्या. आम्ही काकीच्या बाबतीत ते केलं नाही.

असो.