कांदा सोलापूरला, निर्णय दिल्लीत

सोनारीच्या शिवारातला कांदा सोलापूरच्या बाजार समितीत उतरतो, पण त्याचा भाव कधी कधी दिल्लीच्या कागदावर फिरतो. 7 डिसेंबर 2023 ला वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने कांद्याची निर्यात थांबवली, 31 मार्चपर्यंत. तेव्हा बाजारात होता खरिपाचा लाल कांदा. तो चाळीत टिकत नाही. मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो. रमजानात इफ्तारच्या भज्यांना कांदा स्वस्त मिळाला म्हणून शहरातले आपले लोक खूश होते. रागावू कसे? आपणही विकत घेणारेच. पण 22 मार्चला, अकराव्या रोज्याच्या दिवशी, बंदी पुढील आदेशापर्यंत वाढली.

शिव्या मात्र अडत्याने खाल्ल्या. बंदी आणि किमान निर्यात दर वाणिज्य मंत्रालयाचा, निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाचे, एवढे तरी घरात माहीत असावे. 1947 च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याच्या जागी 1992 मध्ये नवा कायदा आला. त्याच्या नावात ‘विकास’ आधी आहे, ‘विनियमन’ नंतर. कांद्याच्या वाट्याला दुसराच शब्द जास्त येतो.

4 मे 2024 ला बंदी उठली, टनाला किमान 550 डॉलर दर आणि 40 टक्के शुल्क ठेवून. लाल कांदा तोवर केव्हाच विकून झाला होता.