बारगीर आणि बर्गी

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमचं नाव आता ‘विजय दुर्ग’ झालं आहे. आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्याचं नाव तिथे लागलं, याने मराठी मन सुखावतंच. पण या शहराच्या वाढीत मराठ्यांचा जो खरा वाटा आहे, तो ऐकताना मान खाली जाते. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांबरोबर बंगालात उतरल्या. गावं जळाली, कोठारं लुटली गेली, आणि हुगळीच्या पश्चिमेकडचे विणकर, व्यापारी, शेतकरी चंबूगबाळं आवरून नदीपलीकडे इंग्रजांच्या आश्रयाला धावले. शहराभोवती घाईघाईने खंदक खणायला घेतला, ‘मराठा डिच’. तो कधी पुरा झालाच नाही. आपला घोडेस्वार ‘बारगीर’ तिकडे ‘बर्गी’ झाला, आणि बंगाली आई मुलाला थोपटताना अंगाईत अजून त्याचंच नाव घेते. पुढे प्लासीच्या लढाईनंतर आजचा फोर्ट विल्यम बांधायला इंग्रजांनीही गोविंदपूर हे अख्खं गाव उठवलं. रवींद्रनाथांच्या ठाकूर घराण्याचे पूर्वजही तिथूनच हलले. स्थलांतराने शहरं मोठी होतात, व्यापार वाढतो, असं आपण सहज म्हणून जातो. पण कोलकात्याला मिळालेले हे हात आणि हा हुन्नर बंद पडलेल्या मागांवरून, ओसाड शेतांवरून आला होता. आज सुदान, सीरियातून निघालेल्या माणसांचीही तीच गत आहे. अटकेपार गेलेले झेंडे आपण मुलांना अभिमानाने शिकवतो. बंगालातलं हे पानही त्यांना शिकवा.