जुना अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, पण वाजवून

‘जुनी ध्वनियंत्रणा ऑनलाइन घेऊच नये’ हे एका पत्रलेखकाचे मत पटले नाही. डबलबारी (दोन भजनी मंडळांचा सामना) करणाऱ्या आमच्याकडच्या अनेक मंडळांना नवा संच परवडत नाही; जुनाच घ्यावा लागतो. मात्र किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत जोडण्या गंजतात. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचे झाकण उघडून हिरवट डाग पाहावेत, दोन्ही चॅनेल तासभर वाजवावेत, आवाज कमी-जास्त करताना खरखर येते का ते ऐकावे. ‘लष्करात आहे, बदली झाली, आगाऊ रक्कम पाठवा’ म्हणणाऱ्या ऑनलाइन विक्रेत्याला थारा देऊ नये. वस्तू तपासून ताब्यात घेतल्यावरच पैसे द्यावेत. ‘परतावा देतो, पिन टाका’ हा सापळाच. पैसे स्वीकारायला यूपीआय पिन लागत नाही. तरीही फसवणूक झालीच, तर त्वरित १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

– एक भजनप्रेमी वाचक, मालवण