राजा गेला, कचेरी राहिली

परप्रांतातील मराठी मंडळांत राज्यकारभाराचा विषय निघाला की कोणीतरी सुशिक्षित गृहस्थ हटकून म्हणतात, ‘एकदा क्रांती झाल्यावाचून हे सुधारायचे नाही!’ पाठोपाठ फ्रान्सचा दाखला येतो. लोक उपाशी होते, व्हॉल्टेअर-रूसोंनी त्यांना जागे केले, बॅस्टिल पडले आणि जुने जग बुडाले! हा इतिहास मनोहर खरा. पण तो अर्धवट आहे, आणि सरकारी कचेरीत आयुष्य काढणाऱ्या आमच्यासारख्यांनी तरी त्यावर विश्वास ठेवू नये.

उपासमार तेथे नवी नव्हती. १७०९ च्या भयंकर हिवाळ्यात चौदाव्या लुईची प्रजा अन्नावाचून मेली. सिंहासन मात्र हलले नाही. मग १७८९ मध्येच ते का डळमळले? याचे उत्तर राजसत्तेने स्वतः घडविलेल्या समाजात शोधले पाहिजे.

‘स्टेट्स-जनरल’ ही तीन वर्गांची सभा राजांनी १६१४ नंतर १७८९ पर्यंत बोलावलीच नाही. प्रांतोप्रांती ‘अँतांदाँ’ नावाचे राजाचे अंमलदार बसले. करवसुली, रस्ते, बंदोबस्त सारे त्यांच्या हाती. खेड्यातील देवळाची डागडुजी करायची तरी मंजुरी वरून यावी लागे, हे अलेक्सी द तोकव्हीलने जुनी सरकारी दप्तरे चाळून आपल्या १८५६ च्या ग्रंथात दाखविले आहे. सरदारांच्या हातून कारभार गेला, पण करमाफी व मानपान राहिले. काम न करता मान घेणारा वर्ग लोकांना डोळ्यांसमोर नकोसा होतो, यात नवल ते काय? वर हुद्दे पैशाने विकले जात, आणि १६०४ पासून वार्षिक पट्टी भरली की ते वारसाकडेही जात. सधन व्यापारी आपला पैसा असा हुद्द्यात घाली आणि करमाफीच्या पंगतीत जाऊन बसे. कराचा भार मग शेतकऱ्यावर!

सुधारणेचा प्रयत्न झाला नाही असे नाही. १७७४ मध्ये अर्थखाते हाती आलेल्या त्युर्गोने रस्त्यांवरील वेठ बंद करून तिचा खर्च जमीनमालकांवर बसविण्याचे फर्मान काढविले. पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयाने व दरबाराने विरोध केला. १७७६ मध्ये त्युर्गो घरी गेला आणि वेठ परत आली. पुढे अमेरिकेच्या युद्धाने कर्ज वाढले. १७८७ मध्ये बोलावलेल्या प्रतिष्ठितांच्या सभेने नव्या कराला मान्यता दिली नाही, तेव्हा नाइलाजाने राजाला ती विसरलेली सभा आठवली. पावणेदोनशे वर्षे ज्यांना एकत्र बसून काही ठरविण्याची सवयच लागू दिली नाही, त्यांना एकाएकी राष्ट्राचे भवितव्य ठरविण्यास सांगितले!

पुढचे सारे त्या सवयीच्या अभावातून आले, असे आम्ही म्हणतो. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री विशेषाधिकारांवर घाव पडला आणि कायद्यापुढील समानतेची वाट मोकळी झाली, हे यश थोर आहे. ते नाकारणारा करंटा. १७९० मध्ये ८३ जिल्हे आखून त्यांचा कारभार लोकनियुक्त मंडळांकडे देण्याचा प्रयोगही झाला. परंतु परकी युद्ध व अंतर्गत बंड उद्भवताच १७९३ मध्ये नव्या सत्तेने पॅरिसहून आपले अधिकारी प्रांतांत धाडले, आणि १८०० मध्ये नेपोलियनने प्रत्येक जिल्ह्यावर सरकारनियुक्त प्रीफेक्ट बसविला. हा प्रीफेक्ट त्या अँतांदाँचाच वारस नव्हे काय? राजाचा शिरच्छेद झाला, पण त्याची कचेरी नव्या धन्याच्या चाकरीत रुजू झाली.

म्हणून क्रांतीची वाट पाहणाऱ्या मित्रांना आमचे सांगणे एवढेच, की ती आली तरी आज रूढ असलेल्या सवयींवरच चालेल. गावाचा अर्ज वर्षभर टेबलावर ठेवणारा, ग्रामसभेच्या ठरावावर ‘वरिष्ठांच्या आदेशार्थ सादर’ असे लिहून मोकळा होणारा कारकून आज जे वळण लावतो, तेच उद्याच्या राज्यकर्त्यांच्या हाती पडेल. गावाला आपले छप्पर आपण शाकारू देणे हे लहान काम आहे. पण ते आमच्या टेबलावर आहे आणि त्यासाठी कोणाचीही वाट पाहावी लागत नाही.