चार दारे, सारीच बंद?

इटलीतील मासेराती या नामांकित मोटार-कंपनीने ज्या गाडीला गेली सहा दशके आपल्या घराण्याची पट्टराणी मानले, त्या ‘क्वात्रोपोर्ते’चे पुढे काय होणार, या प्रश्नाला तिच्या मालकांनी आजवर दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. तुरिनजवळच्या ग्रुल्यास्को येथील कारखान्यात तयार होणारी तिची सहावी पिढी २०२३-२४ च्या सुमारास संपुष्टात आली. तिची जागा घेणारी विजेवर चालणारी नवी गाडी २०२५ मध्ये येईल, असे प्रथम सांगण्यात आले. २०२४ मध्ये तो वायदा २०२८ वर गेला. मधल्या काळात गाडी नाही, ती घडविणारा कारखाना नाही आणि ती घडविणाऱ्या हातांना पुरेसे कामही नाही. वायद्यावर चालणारा संसार किती दिवस टिकतो, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

धनिकांच्या एका मोटारीची एवढी चिंता आम्ही का वाहावी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ही गाडी विकत घेणाऱ्यांच्या गैरसोयीबद्दल आम्हांला मुळीच दुःख नाही. त्यांना दुसरी गाडी मिळेल. परंतु एखाद्या प्रदेशाने पिढ्यान्‌पिढ्या कमावलेले कसब कारभाऱ्यांच्या धरसोडीने कसे उधळले जाते, त्याचा हा नमुनेदार दाखला आहे, आणि म्हणूनच तो लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे.

मासेराती बंधूंनी १९१४ साली बोलोन्या शहरात आपली कर्मशाळा थाटली. शहरातील समुद्रदेव नेपच्यूनच्या पुतळ्याच्या हातातील त्रिशूळ हे त्यांनी आपले बोधचिन्ह केले. १९३७ मध्ये ती ओर्सी कुटुंबाकडे गेली आणि नंतर तिने मोदेना शहरात बस्तान बसविले. हुआन मान्युएल फांगिओ याने १९५७ चे जागतिक विजेतेपद मिळविले ते मासेरातीच्याच गाडीतून. शर्यतींचा खर्च न पेलल्याने त्याच वर्षाअखेर कंपनीने मैदानातून अंग काढून घेतले. मग १९६३ च्या तुरिन प्रदर्शनात तिने पिएत्रो फ्रुआने रेखाटलेली पहिली क्वात्रोपोर्ते मांडली. नावाचा अर्थ नुसता ‘चार दारे’. पण त्या साध्या नावामागची कल्पना धाडसी होती. शर्यतीच्या गाडीचे आठ नळकांड्यांचे इंजिन प्रवासी गाडीत बसवायचे आणि चौघांनी सुखाने बसून तुफान वेगाने जायचे, ही ती कल्पना. सहा वर्षांत या गाड्या निघाल्या अवघ्या ७७६. एवढ्या थोड्या गाड्यांनी कंपनीचे नाव मात्र सर्वत्र झाले.

यापुढचा इतिहास म्हणजे मालक बदलण्याचा इतिहास. १९६८ मध्ये सिट्रोएन या फ्रेंच कंपनीने मासेरातीवर ताबा मिळविला. तिच्या अमलाखाली १९७४ मध्ये दुसरी क्वात्रोपोर्ते आली. पण तेलसंकटाच्या वावटळीत तिच्या डझनभरच गाड्या तयार होऊ शकल्या. १९७५ मध्ये सिट्रोएनने हात वर केले आणि कंपनी विसर्जनाच्या दारात उभी राहिली. तेव्हा इटलीच्या सरकारी संस्थेने मधे पडून अर्जेंटिनात जन्मलेल्या अलेहान्द्रो दे तोमासो यांच्या साह्याने ती वाचविली. १९७९ मध्ये तिसरी क्वात्रोपोर्ते आली, आणि राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनी तीमधून फिरू लागले. १९९३ पासून सूत्रे फियाटकडे, त्यानंतर काही काळ फेरारीकडे, आणि २०२१ पासून स्टेलांटिस या महासमूहाकडे आहेत. म्हणजे संकट मासेरातीला नवे नाही. नवे आहे ते संकटाचे स्वरूप.

ते स्वरूप समजण्यासाठी २०१३ कडे वळले पाहिजे. फियाटचे तत्कालीन सूत्रधार सेर्जो मार्कियोन्ने यांनी वर्षाला सहा हजारांच्या आसपास गाड्या विकणाऱ्या या कंपनीपुढे पन्नास हजारांचे आणि २०१४ मध्ये तर पंचाहत्तर हजारांचे लक्ष्य ठेवले. त्यासाठी क्वात्रोपोर्तेची धाकटी बहीण शोभेल अशी ‘गिब्ली’ काढली, पुढे ‘लेवांते’ ही उंच, जीपसारखी गाडी काढली. आकडे वाढले, २०१७ मध्ये विक्री ५१ हजारांवर पोहोचली. परंतु दुर्मिळता हेच ज्या मालाचे मोल, तो मुबलक झाला की त्याचे मोल उरत नाही. धाकट्या बहिणीने थोरलीचे गिऱ्हाईक पळविले आणि दोघींना मिळून लेवांतेने मागे सारले. गाडीत बसल्यावर हाताला लागणारी बटणे समूहातील स्वस्त गाड्यांची आठवण करून देऊ लागली. जुन्या गाड्यांचे बाजारभाव झपाट्याने कोसळू लागले, तसतसा नवी गाडी घेणाऱ्याचाही हात आखडला. २०१९ मध्ये विक्री वीस हजारांच्याही खाली आली होती.

दुसरी चूक विजेच्या गाड्यांबाबतची. २०२२ च्या मार्चमध्ये कंपनीने जाहीर केले की २०२५ पर्यंत प्रत्येक नमुन्याची विजेवर चालणारी आवृत्ती निघेल आणि २०३० पर्यंत सर्वच गाड्या तशा होतील. विजेच्या वाहनांना आमचा विरोध नाही. हवेचे प्रदूषण आणि तेलाचे परावलंबन यांतून सुटण्याचा तो एक मार्ग आहे. पण ज्या गाडीचा ग्राहक तिच्या इंजिनाच्या गर्जनेसाठी पैसे मोजतो, त्याला ती गर्जना नको आहे, असे गृहीत धरणे हा हिशेबाचा नव्हे, तर समजुतीचा दोष होता. आठ नळकांड्यांचे इंजिन २०२३ मध्ये निरोपाच्या आवृत्त्या काढून थांबविले. नवे मात्र हाती आले नाही. तेलही गेले आणि तूपही गेले.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०२३ मध्ये २६,६०० गाड्या कारखान्याबाहेर पडल्या. २०२४ मध्ये केवळ ११,३००, आणि त्या वर्षीचा तोटा २६ कोटी युरो. ज्या चिनी बाजारपेठेवर मोठी भिस्त होती, तिथे मागणी आटली. २०२५ च्या आरंभी समूहाने मासेरातीच्या बदललेल्या योजनांपोटी सुमारे दीड अब्ज युरो खर्ची टाकले आणि तिची विजेवर चालणारी शर्यतवजा गाडी रद्द केली. त्याच वर्षी अमेरिकेने परदेशी मोटारींवर जादा जकात बसविली. अशा स्थितीत वर्षाला काही शेकडा किंवा थोडे हजार खपणाऱ्या मोठ्या सेडानसाठी स्वतंत्र सांगाडा विकसित करण्याचा खर्च कोण मंजूर करील? त्यातून जगभर श्रीमंत ग्राहक बुटक्या सेडानकडून उंच गाड्यांकडे वळला आहे. क्वात्रोपोर्तेचे भवितव्य अनिश्चित आहे ते यामुळे.

या साऱ्याची किंमत मोजतो आहे तो कामगार. ग्रुल्यास्कोचा कारखाना २०२३ मध्ये विक्रीस काढण्यात आला, आणि त्याची जाहिरात घरे-जमिनी विकणाऱ्यांच्या व्यासपीठावर झळकली, तेव्हा तुरिनमध्ये संतापाची लाट उसळली. तेथील कामगार मिराफियोरीला हलविले. पण मिराफियोरीतही काम अपुरे, मोदेनातही अपुरे. सरकारी भरपाई-निधीतून अपुरे वेतन घेऊन घरी बसण्याची पाळी त्यांच्यावर पुनःपुन्हा आली. ‘ग्रान्तुरिझ्मो’ ही गाडी मिराफियोरीहून मोदेनाला परत नेण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला. मोदेनाला तो सुखावणारा, पण तुरिनच्या पदरातून तेवढेच काम काढून घेणारा. एका लेकराच्या ताटातले दुसऱ्याला वाढून घरातली भूक भागत नसते.

इटलीच्या सरकारचे वर्तनही बोलके आहे. आल्फा रोमिओच्या पोलंडमध्ये बनणाऱ्या गाडीला ‘मिलानो’ हे नाव नको, म्हणून २०२४ मध्ये त्याने आग्रह धरला आणि नाव बदलून घेतले. नावाच्या शुद्धतेविषयी एवढी दक्षता दाखविणाऱ्यांनी कामाच्या शाश्वतीविषयी तेवढाच आग्रह धरला असता, तर बरे झाले असते. १९७५ च्या सरकारने निदान कारखाना चालू ठेवला होता.

महाराष्ट्राला हा प्रश्न अगदीच परका नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या नमुन्यावर घडलेल्या पद्मिनीने मुंबईची टॅक्सी कैक वर्षे ओढली. २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून निवृत्त झाली. रांजणगावचा मोटार-कारखाना टाटा आणि हाच समूह यांच्या भागीदारीत उभा आहे. दूरच्या मुख्यालयात आखलेल्या आराखड्यावर आपल्या गावची चूल पेटते किंवा विझते, हा अनुभव तुरिनचा आहे तसा उद्या कोणाचाही होऊ शकतो.

मग करावे काय? २०२४ च्या जुलैत समूहाच्या सूत्रधारांनी तोट्यातील नावे बंद करण्याचा इशारा दिला. लगोलग मासेराती विकणार नाही, असा खुलासाही केला. बंदही नाही, विक्रीही नाही आणि पोटभर भांडवलही नाही, ही त्रिशंकू अवस्था सर्वांत घातक आहे. आमच्या मते क्वात्रोपोर्ते काढायची असेल, तर ती थोड्या संख्येने, ग्राहकाला हवे ते इंजिन देऊन, मोदेनाच्या कारागिरांकडून घडवून घ्यावी आणि पन्नास हजारांची स्वप्ने कायमची मिटवावीत. काढायची नसेल, तर तसे स्वच्छ सांगून कामगारांना दुसऱ्या कामाची हमी द्यावी. दोन्ही जमत नसेल, तर ज्याला हे नाव सांभाळण्याची हौस आणि ऐपत आहे, त्याच्या हाती ते सोपवावे. सरकारनेही यापुढे दिलेल्या प्रत्येक सवलतीच्या बदल्यात कामाचे दिवस मोजून मागावेत.

पहिल्या ७७६ गाड्यांनी हे नाव मोठे केले आणि पुढच्या हजारोंनी ते झिजविले. याचा अर्थ ज्यांना कळला नाही, त्यांच्या हातून २०२८ चा वायदा पाळला गेला, तरी त्रिशूळाची धार परत येईल, असे आम्हांला वाटत नाही.