आधी सुरुंग काढा, मग माणसे पाठवा

शत्रूची किती माणसे मारली यावरून वीराची किंमत करण्याची सवय आपल्याला लावली गेली आहे. परंतु मागून येणाऱ्यांचा जीव वाचावा म्हणून स्वतः मरणाच्या तोंडी बसून रस्ता मोकळा करणे, हेही शौर्यच होय. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांना परमवीरचक्र मिळाले ते याच कामासाठी.

राणे कारवारकडच्या चेंडिया गावचे. १९४० साली ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि कर्तृत्वावर अधिकारी झाले. लढवय्या जातींचे थोतांड उभे करून इंग्रजांनी ज्यांना सैन्याची दारे बंद केली, त्या आमच्या समाजाला तरी शौर्य जन्माने येत नाही हे वेगळे सांगायला नको.

एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांची वाट सुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या झाडांनी अडवली होती. ८ एप्रिलला सुरुंग काढणाऱ्या तुकडीवर उखळी तोफांचा मारा झाला. दोघे ठार झाले, पाच जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते. तरीही उरलेल्यांना गोळा करून त्यांनी काम पुन्हा हाती घेतले. मशीनगनच्या माऱ्यात, रणगाड्यांच्या आधाराने, ११ तारखेच्या रात्रीपर्यंत ते एकेक अडथळा दूर करीत राहिले. १२ एप्रिलला राजौरी सर झाली.

हे आज चंद्रपूर-गडचिरोलीत आठवण्याचे कारण आहे. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगात पोलिसांचे १५ जवान आणि त्यांच्या खासगी वाहनाचा चालक ठार झाला. पथक निघण्याआधी रस्ता तपासला होता काय, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. एक वकील म्हणून मी म्हणेन, श्रद्धांजलीचे भाषण हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. राज्यघटनेच्या कलम २१ ने दिलेला जीविताचा हक्क वर्दी चढवल्याने गळून पडत नाही. आणि वर्दी नसलेल्या त्या चालकाचा जीवही तेवढ्याच मोलाचा होता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्याचे स्वागतच आहे. पण जमिनीत पुरलेली स्फोटके शरण येत नाहीत. उद्या त्याच पायवाटांनी कोण जाणार? तेंदूपाने तोडणारी, मोहफुले वेचणारी, शाळेत जाणारी आमचीच आदिवासी-बहुजन माणसे.

म्हणून शासनाने ग्रामसभांना सोबत घेऊन जुन्या वाटांची तपासणी करावी. जीव धोक्यात घालून स्फोटके निकामी करणाऱ्या जवानांना उत्तम साधने द्यावीत, त्यांच्या कुटुंबांना पूर्ण संरक्षण द्यावे. राणेंच्या पाठीशी रणगाडे होते. आमच्या जवानांच्या पाठीशी निदान शासन तरी उभे आहे काय? शौर्याचा गौरव जरूर करा, मात्र त्या गौरवाआड हलगर्जीपणा लपवू नका!