नाण्यावरची माती

आमच्या घरात गेली बारा वर्षे एक वाद चालू होता. स्वयंपाकघरातल्या दोन काचेच्या वाट्या कोणाच्या, हा तो वाद. सौभाग्यवतींच्या मते त्या चटणी-कोशिंबिरीच्या. माझ्या मते सम्राट कॉन्स्टंटाइनच्या. कारण सोळा-सतरा शतकांपूर्वीची रोमन नाणी त्या वाट्यांत ऑलिव्ह तेलात बुडून महिनोन्‌महिने पडलेली असत.

नोकरीनिमित्त आम्ही इंग्लंडात आलो आणि इथलेच झालो. एका रविवारी गावातल्या सभागृहात नाण्यांचा बाजार भरला होता, तिथे पाय वळले. प्राचीन रोमन नाणे म्हणजे राजेरजवाड्यांनी किंवा संग्रहालयांनीच बाळगायची चीज, अशी माझी समजूत. पण एका टेबलावर चक्क दोन प्याले कॉफीच्या किमतीत एक नाणे मिळत होते! शेजारी मातीने माखलेल्या पन्नास नाण्यांची प्लॅस्टिकची पिशवी होती. विक्रेता म्हणाला, 'बाल्कनकडचा माल आहे. घरी न्या, धुवा, नशिबात असेल ते निघेल.' पिशवी घेऊन मी घरी आलो आणि नादाला लागलो.

या नादात सुख आहे, हे आधीच कबूल करतो. नाणी शुद्ध पाण्यात आणि मग तेलात भिजवायची, जुन्या ब्रशाने घासायची, दातकोरण्याने कडा मोकळ्या करायच्या. आठवड्यांनी एखाद्या काळ्या चकतीतून अचानक नाक आणि हनुवटी वर येते. मागच्या बाजूला भाले घेतलेले दोन सैनिक, त्यांच्यामध्ये दोन ध्वज आणि कडेने 'ग्लोरिया एक्झर्सितुस', म्हणजे सैन्याचा गौरव. पायांखाली टांकसाळीची खूण. 'सिस' अशी अक्षरे असली तर सिस्किया, म्हणजे आजच्या क्रोएशियातले सिसाक. हे नाणे 330 ते 335 या काळातले. पुढे 335 नंतर तेच सैनिक, तीच अक्षरे, पण ध्वज मात्र एकच! कारण नाणे लहान झाले होते. आधी अडीच ग्रॅमच्या आसपास असलेले वजन दीड ग्रॅमवर आले होते. सैन्याचा गौरव तोच राहिला, तांबे तेवढे कमी झाले. चलनाची घसरण म्हणजे काय, हे मला ही दोन नाणी शेजारी शेजारी ठेवल्यावर कळले.

बायझंटाइन नाणी तर आणखी बोलकी. सम्राट अनास्तासियसने 498 मध्ये तांब्याच्या नाण्यांची नवी घडी बसवली आणि नाण्यावर भला मोठा 'एम' कोरला. ग्रीक अंकपद्धतीत 'एम' म्हणजे चाळीस. चाळीस नुम्मींचे हे नाणे निरक्षर भाजीवाल्यालाही ओळखता यावे. जस्टिनियनने आपल्या कारकिर्दीच्या बाराव्या वर्षापासून त्यावर राज्यवर्षही घालायला सुरुवात केली. त्या वर्षांतली नाणी तळहातावर ठेवली की हात जड होतो. त्यानंतर शे-सव्वाशे वर्षांनी, इराणी आणि अरब आक्रमणांनी साम्राज्य पिचून गेल्यावर, जुन्या नाण्यांचे तुकडे करून त्यांवर घाईघाईने नवे ठसे मारलेले दिसतात. राज्याची दशा पाहायला इतिहासाचे पुस्तक उघडावे लागत नाही.

असे सगळे छान चालले होते. मग दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीला शाळेत नकाशाचा प्रकल्प मिळाला. तिने युरोपचा नकाशा भिंतीवर लावला आणि प्रत्येक नाण्यासाठी दोन टाचण्या काढल्या, लाल आणि निळी. लाल टाचणी नाणे पाडले तिथे, निळी सापडले तिथे. लाल टाचण्या मी भराभर सांगितल्या: सिसाक, त्रिअर, अँटिऑक, कॉन्स्टँटिनोपल. मग ती म्हणाली, 'आजोबा, आता निळ्या सांगा.'

एकही सांगता आली नाही.

सापडले कुठे, याने काय बिघडते, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटत होते. पण एप्रिल 2010 मध्ये इंग्लंडातल्या सॉमरसेटमध्ये, फ्रोम गावाजवळ जे घडले ते पाहा. डेव्ह क्रिस्प हे रुग्णालयातले आचारी. फावल्या वेळात धातुशोधक यंत्र घेऊन शेते धुंडाळायचे. त्यांना काही नाणी मिळाली आणि मग खाली मडक्याचे तोंड दिसले. त्यांनी हात आवरला, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्व खात्याच्या माणसांना बोलावले. मडक्यात 52,503 रोमन नाणी होती, सुमारे 160 किलो! तज्ज्ञांनी ती थराथराने काढली. सर्वांत अलीकडची, म्हणजे कॅरॉसियसची नाणी वरच्या थरात असायला हवी होती. ती निघाली बरीच खाली. याचा अर्थ हे पिढ्यान्‌पिढ्या साठवलेले गाडगे नव्हते, सगळी नाणी एकाच वेळी ओतलेली होती. एवढे वजन उचलून न्यायला मडके फारच पातळ, म्हणजे ते आधी पुरून मग भरले असावे. कदाचित देवाला वाहिलेले असेल, असे संशोधकांनी मांडले. क्रिस्प यांनी ती नाणी पोत्यात भरून नेली असती तर नाणी तेवढीच राहिली असती, हे सारे मात्र कायमचे गेले असते.

आपल्याकडचेही एक उदाहरण आहे. तमिळनाडूत पुदुकोट्टैजवळ 1898 मध्ये सुमारे पाचशे रोमन सुवर्णनाणी एकत्र मिळाली. त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा आडवा घाव आहे. असे एकच नाणे सुटे बाजारात आले असते तर 'खराब माल' म्हणून बाजूला पडले असते. साठा एकत्र दिसला म्हणून तो घाव कोणीतरी ठरवून घातलेला आहे हे कळले. तो का घातला, यावर विद्वान अजून वाद घालतात. वाद घालायला निदान साठा आहे. किती साठे सोनाराच्या मुशीत गेले, त्याची गणती नाही.

माझी पिशवी 'बाल्कनकडची' होती. बल्गेरियात डॅन्यूबकाठी रातियारिया नावाचे मोठे रोमन शहर होते. 1990 नंतर लुटारूंनी ते बुलडोझर लावून उकरले. तिथे आज खड्डेच खड्डे आहेत. माझी नाणी तिथलीच होती असे म्हणायला पुरावा नाही, आणि नव्हती असे म्हणायलाही नाही. त्यांच्यावरची माती काहीतरी सांगू शकली असती, तर ती मीच ब्रशाने घासून मोरीत सोडली होती.

संग्राहक मित्र यावर चिडतात. त्यांचे म्हणणे पोकळ नाही. ही नाणी लाखोंनी पाडली गेली; संग्रहालयांच्या तळघरांत ती ठेवायला जागा नाही; आणि हे शास्त्र हौशी माणसांनीच उभे केले. खरेच आहे. चौदाव्या शतकात कवी पेत्रार्क रोमला जाई तेव्हा द्राक्षमळ्यात खणणारे मजूर सापडलेली नाणी त्याच्याकडे आणत आणि चेहरा कोणाचा ते विचारत. 1354 मध्ये त्याने अशीच काही नाणी सम्राट चौथ्या चार्ल्सला भेट दिली आणि या पूर्वजांसारखा वाग, असे सुचवले. आमच्या छंदाचा हा मूळपुरुष. पण त्याच्यासमोर तो मजूर उभा होता! 'कुठल्या मळ्यात मिळाले रे?' असे विचारता येत होते. आम्ही मधे चार दलाल ठेवून तो प्रश्नच मिटवून टाकला आहे.

सरकारे आपल्या परीने उपाय करतात. अमेरिकेने 2007 मध्ये सायप्रसच्या आणि 2014 मध्ये बल्गेरियाच्या प्राचीन नाण्यांच्या आयातीवर निर्बंध घातले. आपल्याकडे 1972 चा पुरावस्तू कायदा आहे. मला मात्र इंग्लंडची रीत अधिक माणसाळलेली वाटते. इथे 1996 च्या कायद्याने मोठे साठे कळवणे बंधनकारक आहे आणि संग्रहालयाने साठा घेतला तर शोधणारा व जमीनमालक यांना मोबदला मिळतो. शिवाय सुट्या वस्तूंची नोंद लोक आपणहून करतात. अशा नोंदी पंधरा लाखांच्या पुढे गेल्या आहेत. माणसाला चोर ठरवण्याआधी साक्षीदार व्हायची संधी दिली, तर पुष्कळजण ती घेतात.

म्हणून छंद सोडा, असे मी म्हणणार नाही. मी स्वतः सोडलेला नाही. पण मातीसकट मिळणारी पिशवी आता घरात येत नाही. नाण्याबरोबर कागद मागतो. नसेल तर हात मागे घेतो. गेल्या वर्षभरात एकच नाणे घेतले. लिंकनशायरच्या एका शेतात सापडलेले, नोंद झालेले, झिजलेले. पहिल्या पिशवीतल्या पन्नास नाण्यांइतके पैसे पडले.

नातीने त्याची निळी टाचणी लावली. नकाशावर ती एकटीच आहे. वाट्या चटणीकडे परत गेल्या आहेत.